बाबनरावांची जीभ

तांडापेठेत बाबनराव नंदनवारांचं सहा टेबलांचं सावजी भोजनालय आहे. सावजी म्हणजे मूळचे विणकर, आणि ज्या खोलीत आम्ही नाक पुसत मटण खातो, तिथं पूर्वी त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. माग गेला, त्याचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली, पण फरशी दोनदा खचली आणि चौथं टेबल अजूनही डुगडुगतं. त्यावर बसलेल्याचा रस्सा आपोआप ताटभर फिरतो. कोणी तक्रार केली की बाबनराव म्हणतात, "बुढा विनून राह्यला खाली. विनू द्या त्याले."

मला इथं पहिल्यांदा आणलं मधुसूदन हरकऱ्यांनी. आम्ही एकाच कचेरीत होतो, ते हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखाली. हरकऱ्यांचं घर भोसल्यांच्या काळात दप्तर सांभाळायला नागपुरात आलेलं, घरी कांदासुद्धा बेतानं. साहेब दर बुधवारी घरचा डबा शिपायाला देत आणि स्कूटर काढून तांडापेठेत येत. मांडीवर पिवळा रुमाल अंथरून बसत. जेवण होईपर्यंत तो पिळून काढण्यासारखा होई. एक तास मग कचेरीत कोणी त्यांच्यासमोर फाइल नेत नसे, कारण ते डोळ्यांना रुमाल लावून बसलेले असत आणि बाहेरच्याला वाटे, साहेबांच्या घरी कोणी गेलं.

जगातल्या रश्श्यांबद्दल बाबनरावांची मतं पक्की होती आणि त्यातला एकही रस्सा त्यांनी चाखलेला नव्हता. कोल्हापुरी म्हणजे लाल रंग आणि जाहिरात. मालवणी म्हणजे नारळाच्या दुधात मासळीची आंघोळ. पंजाबी हॉटेलातली ग्रेव्ही बाळंतिणीला द्यावी, तीही पहिलटकरणीला. पुण्याकडे आमटीत गूळ घालतात असं मी एकदा सांगितलं, तेव्हा ते पळी खाली ठेवून म्हणाले, "त्या लोकाईच्या लेकरायनं काय पाप केलं गा?"

माणसांचे त्यांनी घामावरून वर्ग पाडले होते. कपाळावर घाम येतो तो पाहुणा, टाळूवर येतो तो गिऱ्हाईक आणि कानामागून येतो तो घरचा. कमी तिखट मिळेल का, असं विचारणाऱ्याला ते न रागावता रस्त्यापलीकडच्या डेअरीचा पत्ता सांगत.

आत चुलीजवळ भागीरथाबाई असत. उमरेडच्या विणकराची लेक, बाबनरावांची बायको. मसाला भाजायचा त्यांनी, वाटायचा त्यांनी, आणि शेवटी बाबनरावांनी येऊन पळीभर रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि निकाल द्यायचा. मसाल्यात जिनसा किती, असं विचारलं तर बाबनराव बत्तीस सांगत आणि भागीरथाबाई अठरा. भाजणाऱ्या त्या, त्यामुळं मी अठरा धरून चालतो.

त्यांचा मुलगा प्रज्वल बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागला. तिथं रंगशाळेत मुग्धा नावाची मुलगी होती. कापडाचा रंग ठरल्या रंगाशी जुळतो की नाही हे ती बघायची. दोघांचं जुळलं. मुलगी नेमकी हरकऱ्यांची निघाली.

बोलणी करायला नंदनवार मंडळी प्रतापनगरात हरकऱ्यांकडे गेली. दार उघडलं आणि बाबनराव पाहतच राहिले. "सायेब, तुमी?" म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी शहाणपणानं गिळलं. हरकऱ्यांच्या पत्नी चारुशीलाबाई चहा घेऊन आल्या. साहेबांनी साळसूदपणे सांगायला सुरुवात केली की, ही मंडळी आपल्याला तशी नवीनच.

चारुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. "रुमाल कोण धुतं घरात?" त्या म्हणाल्या. "वीस वर्षं धुते आहे मी. तर्रीचे डाग ओळखता येतात मला."

त्या दिवसानंतर लग्न ठरायला काही अडचण उरली नाही. साहेब गिऱ्हाईक होते ते इवाई, म्हणजे व्याही, झाले, आणि बाबनराव इवायाकडून पैसे घेईनात म्हणून साहेबांनी नाइलाजानं बुधवारसोबत रविवारही धरला.

मुग्धानं नव्या घरात पहिल्या आठवड्यात आमटी केली. गोडा मसाला, चिंच, गूळ. बाबनरावांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बेटा, हे जेवनाच्या आधी घ्याचं का नंतर?"

मुग्धा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सोबत घ्यायचं, बाबा. जीभ जिवंत असली तर."

प्रज्वलच्या हातातला घास हातातच राहिला. भागीरथाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाबनरावांना सून आवडली ती त्या दिवशी, पण आमटीला ते दोन वर्षं सरबतच म्हणत राहिले. मुग्धा स्वतःपुरती छोट्या पातेल्यात करायची आणि कारखान्यात जाताना डब्यात न्यायची.

गडबड सुरू झाली ती मागच्या दिवाळीनंतर. एका सकाळी बाबनरावांनी नेहमीसारखा रस्सा तळहातावर घेऊन चाटला आणि त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी ठरवलं की मिरची बदलली. ते भिवापुरी मिरची देणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेले आणि त्याला म्हणाले, "हे मिरची हाय का ॲसिड?" व्यापाऱ्यानं तीच मिरची, तेच पोतं दाखवलं. बाबनरावांनी दुसऱ्या दिवशी मिरची कमी केली. तरी जीभ पोळली. आणखी कमी केली. तरी गालाच्या आतून आग निघायची. पंधरा दिवसांत रश्श्यात मिरची नावाला उरली आणि त्यांना मात्र वाटत होतं की आपण गिऱ्हाइकांना निखारे वाढतो आहोत.

पहिल्यांदा कोणी काही बोललं नाही. सावजीकडं जाऊन रस्सा तिखट लागला नाही असं म्हणायची लाज वाटते, कोणी समजेल आपल्यालाच काही झालं. मग एका रविवारी हरकरेसाहेब जेवले, हात धुतले आणि रुमाल घडी करून तसाच खिशात ठेवला. ते गल्ल्याजवळ गेले. चेहरा असा की जवळच्या माणसाची वाईट बातमी सांगायची आहे.

"बाबनराव," ते म्हणाले, "आज माझं नाक कोरडं राहिलं."

बाबनराव हसले. पण त्याच दुपारी चौथ्या टेबलावर एका बाईनं आपल्या चार वर्षांच्या मुलीला रश्श्यात पोळी कुस्करून दिली. मुलीनं ती खाल्ली आणि आणखी मागितली. भोजनालयात सगळ्यांनी ते ऐकलं. बाबनराव आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंदाजानं मिरची घातली, न चाखता. अंदाजात मागच्या पंधरा दिवसांची भरपाईही होती. त्या दिवशी उमरेडहून एका लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली अकरा माणसं जेवायला होती. त्यातले दोघं रस्त्यापलीकडच्या डेअरीत जाऊन ताक संपेपर्यंत उठले नाहीत. नवरदेवाच्या मामाची उचकी बस्ता निवडून होईपर्यंत थांबली नाही. मीही त्या दिवशी होतो. दोन दिवस मी घरात मऊ भाताखेरीज काही मागितलं नाही, आणि का, ते बायकोला सांगितलंही नाही.

घरात दुसरीच गोष्ट चालली होती. मुग्धाच्या आमटीचं पातेलं रोज दुपारी अर्धं व्हायला लागलं. तिनं आधी मांजरावर संशय घेतला, मग सासूवर. एका शनिवारी ती लवकर घरी आली तर स्वयंपाकघरात बाबनराव उभ्यानं जेवत होते. आमटी आणि भात, वाटीत कालवून, चहाच्या चमच्यानं, लहान लहान घास. तिला पाहून ते म्हणाले, "पाहून राह्यलो होतो, खराब झाली का."

"झाली का?"

"नाई."

"मग चमचा एवढा लहान काहून घेतला, बाबा?"

त्यांनी चमचा वाटीत बुडवून ठेवला. मुग्धाच्या कारखान्यात मध्यंतरी आरोग्य शिबिर झालं होतं. कामगारांत निम्मे खर्रा खाणारे, म्हणून तिथं सगळ्यांना एक साधी तपासणी शिकवली होती. आपलीच तीन बोटं एकावर एक धरायची आणि उभी तोंडात घालायची. गेली तर ठीक. ती म्हणाली, "तोंड उघडा, बाबा."

"मी काय घोडा हाव?"

"उघडा."

त्यांनी उघडलं. दीड बोट गेलं. दुसरं बोट दातावर अडलं आणि पुढं जाईना. बाबनरावांनी दोनतीनदा प्रयत्न केला, जणू दार फुगलं आहे आणि जरा जोर लावला की उघडेल. मग हात खाली घेतला आणि खुर्चीवर बसले. खिशात त्या वेळीही खर्रा होता. दिवसाला सात पन्न्या, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेल्या, गेली तीस वर्षं. जेवताना आणि चहा पिताना तेवढा तो गालातून बाहेर निघायचा.

"कोनाले सांगू नको," ते म्हणाले. मुग्धानं सोमवारी रजा टाकली आणि त्यांना दातांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर प्रणाली नावाची तरुण मुलगी होती. तिनं टॉर्च लावून गाल आतून पाहिले, बोटानं चाचपले आणि सांगितलं की गालाचं कातडं आतून आखडून पांढरं पडलं आहे. खर्र्यानं होतं. कातड्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल. खर्रा आजपासून बंद, सुपारीसुद्धा नाही.

"सोडतो," बाबनराव लगेच म्हणाले. "आज सोडतो. पन तिखट नका बंद करू."

"काका, तिखट मी बंद करून नाही राहिले. तुमचं तोंडच करून राहिलं आहे."

"मी सावजी आहो, डॉक्टर."

"मी पण," ती म्हणाली. "पाचपावलीची. म्हणून तर सांगून राहिले."

तुकड्याचा निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत बाबनराव गल्ल्यावर बसत, पण गिऱ्हाइकाला काही विचारत नसत. डेअरीचा पत्ताही कोणाला सांगितला नाही. हरकरेसाहेब रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायचे, न जेवता. दोघं रस्त्याकडे बघत राहायचे. निकाल आला तो बरा आला. कॅन्सर नाही, पण हे असंच चालू ठेवलं तर होऊ शकतो, असं प्रणालीनं स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर बाबनरावांनी भागीरथाबाईंना पेढे आणायला सांगितले. पेढा अख्खा तोंडात जाईना तेव्हा त्यांनी तो चार तुकडे करून खाल्ला आणि त्यावरून कोणाला बोलू दिलं नाही.

खर्रा सुटला तो त्यांच्या निर्धारानं नाही, बंटीमुळं. बंटीचा पानठेला गल्लीच्या तोंडाशी आहे. मुग्धानं तिथं जाऊन त्याला सगळं सांगितलं. बंटी भला माणूस. त्यानं बाबनरावांचा फोटो काढला आणि पानठेलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'या काकाले खर्रा देऊ नये'. इतवारीपासून इंदोऱ्यापर्यंत बाबनराव जातील तिथं पानवाला त्यांच्याकडे बघून बडीशेप पुढं करायला लागला. ते चिडून म्हणायचे, "चोराचा नसन लागत तेवढा फोटो लावला माहा." तरी फेब्रुवारीत मौद्याला एका लग्नात त्यांनी खर्रा खाल्लाच, तिथं ग्रुप पोचला नव्हता. दोन दिवस तोंड आलं, पाणीसुद्धा झोंबलं. त्यानंतर मात्र नाही.

आता प्रश्न रश्श्याचा. चाखणार कोण? बाबनराव एका दुपारी भोजनालय रिकामं झाल्यावर आत गेले आणि बायकोसमोर बसले.

"भागीरथा, तू चाखत जाय वं."

भागीरथाबाई कांदे चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चाखते मी रोज."

"कधी?"

"तुमच्या आधी. बिन चाखता खाली उतरवन का मी?"

"मंग कसा राह्यते?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "लवंग जास्त पडते," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लग्नापासून."

"काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कधी?"

चौतीस वर्षं झाली होती लग्नाला. बाबनराव उठून बाहेर आले. पुढचे चार दिवस दोघांचं बोलणं प्रज्वलमार्फत चाललं. 'तुह्या मायले सांग, गॅस सिलिंडर आला,' वगैरे. पाचव्या दिवशी, रविवारी, त्यांनी दोन पातेली करायला लावली. एकात लवंग नेहमीची, एकात भागीरथाबाईंच्या हिशोबाची. हरकरेसाहेब आले तेव्हा त्यांच्यापुढं दोन वाट्या ठेवल्या आणि काही सांगितलं नाही. साहेबांनी पहिली वाटी खाल्ली, रुमाल वापरला. दुसरी खाल्ली, रुमाल वापरला. मग दुसरी वाटी पुढं सरकवून म्हणाले, "यातला अजून."

बाबनराव वाटी घेऊन आत गेले. "इवायाले तुहा आवडला," ते भागीरथाबाईंना म्हणाले. "त्याले काय समजते म्हना." आणि दुसऱ्या दिवसापासून लवंग तेवढीच पडायला लागली. आम्हा गिऱ्हाइकांना कोणी काही सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात दोनदा उठून भात मागून घेतला मी, एवढं मला आठवतं.

मिरचीचं मात्र मुग्धानं पक्कं करून टाकलं. ती कारखान्यात रंगाचं माप ग्रॅमवर ठरवते. तिनं भागीरथाबाईंच्या हाताची मूठ तीन वेळा तोलली, सरासरी काढली आणि कागद चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. भागीरथाबाईंना वाचता येतं, पण त्या कागदाकडे पाहत नाहीत. मूठ अजून तेवढीच भरते.

बाबनरावांना घरी आमटी, वरण, कढी यांवर ठेवलं होतं. पहिला महिना ते कैद्यासारखे जेवले. मग प्रज्वल बुटीबोरीहून डबे आणायला लागला. त्याच्या कारखान्यात ठिकठिकाणची माणसं. ओडिशाच्या एकानं डालमा दिला, डाळीत भाज्या घालून केलेला. एका तेलुगू फिटरच्या बायकोनं मिरची वगळून पुलुसू, म्हणजे चिंचेचं कालवण, पाठवलं. रत्नागिरीच्या सुपरवायझरनं कोकमाची सोलकढी. बाबनरावांनी पहिले डबे 'पानी हाय' म्हणून संपवले. पण संपवले. एप्रिलच्या सुमारास ते प्रज्वलला विचारायला लागले, "डालम्यात कच्ची पपई काहून टाकतात, इचार त्याले." मग, "मागच्या वेळी जिरं भाजून वरून टाकलं होतं, या वेळी विसरली का त्याची बायको?"

तिखट नसलं की जिभेला दुसरं कामच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसाला पुण्याच्या लेकरांची कीव यायची, तो आता चिंच नवी की जुनी हे सांगतो. हे ऐकायला बरं वाटतं, पण जेवायला सोबत बसलं की माणूस हैराण होतो. पूर्वी ते फक्त स्वतःच्या रश्श्याबद्दल बोलत. आता सगळ्यांच्या बोलतात.

मे महिन्यात हरकऱ्यांनी त्यांना आणि मुग्धाला जेवायला बोलावलं. चारुशीलाबाईंनी आमटी केली होती. बाबनरावांनी ती घोटघोट घेतली, दोनदा मागून घेतली, आणि हात धुताना विहीणबाईंना म्हणाले, "येनबाई, गूळ आधी टाकता तुमी. चिंचेचा कच्चेपना जाऊ द्या, मंग टाका."

साहेब मला सांगत होते की ते त्या क्षणी उठून पंखा वाढवायला गेले. चारुशीलाबाईंनी इतकंच म्हटलं, "बरं." नंतर भांडी घासताना मात्र त्यांनी एक वाटी दोनदा घासली आणि विचारलं की या माणसाला आमटी कोणी शिकवली. मुग्धा पातेलं पुसत राहिली. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या ताटात आमटी आली ती जरा वेगळी होती. चांगली होती. ती वेगळी आहे असं साहेब बोलले नाहीत, संसारात तेवढं शिकले आहेत.

प्रणाली डॉक्टरनं गालात इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या आणि एक व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत उभ्या धरायच्या, दर आठवड्याला एक काडी वाढवायची, दहा मिनिटं तसंच बसायचं. बाबनराव सोळा काड्यांपर्यंत पोचले आहेत. बोटं आता सव्वादोन जातात. तीन जातील की नाही, हे तीही सांगत नाही.

परवा बुधवारी मी सकाळीच तिकडून जात होतो म्हणून डोकावलो. भोजनालय उघडायचं होतं. चौथ्या टेबलाशी बाबनराव बसले होते, तोंडात सोळा काड्यांचा गठ्ठा, जबडा ताणलेला, डोळे विस्फारलेले. समोर भागीरथाबाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढं वाटीभर काळसर रस्सा, वर तर्री. त्यांनी तळहातावर घेतला नाही. चमच्यानं घेतला, जिभेवर फिरवला, खिडकीकडे बघितलं, पुन्हा एक चमचा घेतला. बाबनरावांनी हातानं खूण केली, कसा आहे? त्यांनी वाटी उजेडाकडे धरली.

"आज खसखस कमी भाजली," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "आनि कालचं मटन तुमी स्वस्तातलं आनलं. मले समजलं."

बाबनरावांनी घशातून काही तरी आवाज काढला. भागीरथाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"सहा मिनिटं बाकी हाय," त्या म्हणाल्या, आणि तिसरा चमचा घेतला.